एकवीस अंकी संख्या, चाचणीचा चुकीचा होकार आणि एक रंगवलेला फलक

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाचा गणित विभाग दरवर्षी २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय गणित दिवसाचं प्रदर्शन भरवतो. करवीर, कागल, पन्हाळा भागांतल्या शाळांमधून नववी-दहावीची मुलं येतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की ल्यूक ड्युरांट यांना २^१३,६२,७९,८४१ − १ ही आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली आहे आणि ती ४,१०,२४,३२० अंकी आहे. त्या उत्साहात बीएस्सी तृतीय वर्षाच्या एका गटाने ‘एक मोठी मूळ संख्या आणि तिचे गुणधर्म’ हा विषय घेतला.

ठरलं ते असं: एक संख्या पूर्ण लिहायची, तिच्याखाली तिचे गुणधर्म मांडायचे आणि त्यांतले निदान दोन-तीन तरी दहावीच्या मुलाला कागद-पेन्सिल घेऊन ताडता यायला हवेत. फ्लेक्स वर्षभरात फाटतो, म्हणून पत्र्याचा हाताने रंगवलेला फलक कायमचा लावायचा होता. शाहूपुरीतल्या एका पेंटरला काम दिलं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “आकडा एकदाच लिव्हणार. नीट बघून द्या, मागनं खोडाखोड जमायची न्हाई.” या एका अटीमुळे पुढच्या सगळ्या तपासणीला महत्त्व आलं.

या लेखात २^प − १ या संख्येला म(प) म्हटलं आहे. या मर्सेन संख्या. घातांक प संयुक्त असेल तर म(प) नक्कीच संयुक्त असते; प मूळ असेल तर म(प) मूळ असू शकते, असेलच असं नाही. सगळी गुंतागुंत या ‘असू शकते’ मध्ये आहे.

अडचण

फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये, ज्यांच्यासाठी म(प) मूळ असते अशा घातांकांची एक यादी दिली होती: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. गटातल्या एका विद्यार्थ्याने तीतला ६७ उचलला. म(६७) = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे २१ अंक. फलकाच्या एका ओळीत नीट बसते आणि वाचताही येते.

पहिली तपासणी एक्सेलमध्ये झाली आणि ती तिथेच अडली. एक्सेल १५ अंकांपुढे शून्यं दाखवतो, त्यामुळे पडद्यावर १४७५७३९५२५८९६७६०००००० आलं. हा फक्त दाखवण्याचा दोष नाही. आत साठवलेल्या आकड्याला ५३ द्विमान (बायनरी) अंकांची अचूकता असते, म्हणून २^६७ मधून १ वजा केला तरी तो वजा होतच नाही. मूळ असण्याची तपासणी एका सम संख्येवर चालली होती.

मग पायथॉन आलं. तिथे पूर्णांक कितीही मोठा चालतो. गटाने फर्माची चाचणी लिहिली: न ही संख्या मूळ असेल तर २^(न−१) ला न ने भागल्यावर बाकी १ उरते. पायथॉनचं ‘पॉव’ फंक्शन तीन आकडे दिले की ही बाकी लगेच काढून देतं. बाकी १ आली. “मॅडम, प्रोग्रॅमनं प्राईम म्हटलंय की!” असा निरोप मार्गदर्शक प्राध्यापिकांकडे गेला आणि फलकाचा मजकूर तयार झाला.

संशय आला तो दुसऱ्याच कारणाने. गटातल्या एका विद्यार्थिनीने तोच प्रोग्रॅम १२७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ घातांकावर चालवला. ११, २३, २९, ३७, ४१... सगळ्यांना होकार. एकाही ठिकाणी नकार नाही. मॅडमनी एवढंच सांगितलं की म(११) हातानं करून बघा. म(११) = २०४७ आणि २०४७ = २३ × ८९.

चाचणी का फसली

हे कारण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे प्रोग्रॅममध्ये एकही चूक नव्हती.

२०४७ घ्या. २^११ = २०४८, त्याला २०४७ ने भागलं की बाकी १. आता २०४६ = ११ × १८६, म्हणून २^२०४६ म्हणजे २^११ चा १८६ वा घात. १ चा कुठलाही घात १ च. बाकी १ येणारच, मग २०४७ मूळ असो वा नसो.

हेच प्रत्येक मूळ घातांकाला लागू पडतं. म(प) मधून १ वजा केला की २ × (२^(प−१) − १) उरतं, आणि फर्माच्याच छोट्या प्रमेयाने प (विषम मूळ असताना) त्या कंसाला भागतो. म्हणजे पाया २ घेऊन (ज्याचा घात करायचा तो आकडा म्हणजे पाया) केलेली फर्मा चाचणी मूळ घातांकाच्या मर्सेन संख्येला कधीच नकार देऊ शकत नाही. त्याहून कडक मानली जाणारी मिलर-राबिन चाचणीही पाया २ घेतला तर इथे तशीच निकामी ठरते, कारण (म(प) − १)/२ ला सुद्धा प ने भाग जातो.

पाया ३ घेतला की चित्र बदलतं. ३^२०४६ ला २०४७ ने भागल्यावर बाकी १०१३ येते, १ नाही. म(६७) लाही पाया ३ ने लगेच नकार मिळाला.

म(६७) चा निकाल तर फार जुना आहे. ती संयुक्त असल्याचं फ्रेंच गणिती ल्यूकासने १८७६ मध्येच दाखवलं होतं आणि १९०३ मध्ये अमेरिकन गणिती कोलने अवयव दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मर्सेनच्या यादीत ६७ आणि २५७ चुकीचे आहेत, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले आहेत.

पर्याय

फलक द्यायला दहा-बारा दिवस उरले होते. चार वाटा समोर होत्या.

नवी, ४ कोटी अंकी संख्या घेणं विभागप्रमुखांना आवडलं होतं, कारण बातमी ताजी होती. पण ती लिहिणार कुठे? एका पानावर ३,००० अंक बसवले तरी जवळपास १३,६७५ पानं होतात. फलकावर फक्त घातांक आला असता आणि मुलांना ताडण्यासारखं काहीच उरलं नसतं.

मर्सेन नसलेली एखादी चाळीस अंकी मूळ संख्या संगणकाकडून शोधून घ्यायची, हा दुसरा विचार. शोधणं सोपं आहे. पण तिची सिद्धता मांडायला वेगळी यंत्रणा लागते आणि ती पदवीच्या मुलांनाही फलकासमोर उभं राहून सांगता येत नाही. याच चर्चेत एकाने २००२ ची एकेएस पद्धत सुचवली. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांचं हे काम मोठंच आहे: संख्या मूळ आहे का, हे बहुपदी वेळात (म्हणजे अंक वाढले तरी वेळ भरमसाट वाढत नाही अशा रीतीने) आणि शंभर टक्के खात्रीने ठरवता येतं हे त्यांनी प्रथम दाखवलं. मात्र प्रत्यक्ष वापरात ती खूप संथ चालते आणि मर्सेन संख्यांसाठी त्याहून कितीतरी हलकी पद्धत हाताशी आहे. सूचना मागे पडली, ते योग्यच झालं.

तिसरा पर्याय म(६१) = २३०५८४३००९२१३६९३९५१. हिच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता. प विषम मूळ असेल तर म(प) चा प्रत्येक मूळ अवयव २कप + १ या रूपाचा असतो (क हा कुठलाही पूर्णांक) आणि त्याला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. म(६१) चं वर्गमूळ सुमारे १५२ कोटी आहे. तिथपर्यंत या दोन अटींत बसणारे उमेदवार सुमारे ६२ लाख भरतात. लॅबमधला जुना कॉम्प्युटरही थोड्या वेळात ते सगळे भागून बघतो. म्हणजे निव्वळ भागाकाराने, कुठलंही प्रमेय न शिकता, ती मूळ आहे हे पटवता आलं असतं.

चौथा म(१२७), ३९ अंकी. ल्यूकासने १८७६ मध्ये हिचं मूळपण सिद्ध केलं आणि १९५१ पर्यंत ती सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. इथे भागाकार चालत नाही: त्याच दोन अटी लावूनही उमेदवार सुमारे २५७ कोटी कोटी, म्हणजे २.५७ × १०^१६ उरतात. सेकंदाला एक कोटी तपासले तरी ऐंशीएक वर्षं लागतील. तिच्यासाठी ल्यूकास-लेमर चाचणीच हवी.

निर्णय म(१२७) च्या बाजूने झाला. आमच्या मते म(६१) ची बाजू पुरेशी ऐकली गेली नाही. शाळकरी मुलासाठी ‘सगळे भागून बघितले’ ही सिद्धता जास्त जवळची आहे. पण म(१२७) ची सिद्धता हाताने झालेली होती, तिचे गुणधर्म जास्त देखणे होते आणि गटाला ती चाचणी शिकायचीच होती.

तपासणी पुन्हा, आणि दुसरा घोळ

ल्यूकास-लेमर चाचणी विषम मूळ घातांकासाठी आहे. ४ पासून सुरुवात करायची. दर पायरीला आकड्याचा वर्ग करून त्यातून २ वजा करायचे आणि म(प) ने भागून बाकी ठेवायची. अशा प − २ पायऱ्यांनंतर बाकी ० आली तर म(प) मूळ, नाहीतर संयुक्त. हा होकार अंदाजाचा नसतो, ती सिद्धता असते. आणि नकारही तितकाच पक्का.

१२७ साठी १२५ पायऱ्या. प्रोग्रॅम चालवला आणि बाकी ० आली नाही. ३९ अंकांची एक लांबलचक बाकी आली. आदल्याच आठवड्यात संयुक्त संख्येला होकार मिळाला होता, आता मूळ संख्येला नकार. गट पुरता गोंधळला आणि एकाने तर संख्या बदलण्याची तयारी सुरू केली.

बाकीचे शेवटचे तीन अंक ७२५ होते. म(१२७) चे शेवटचे तीन अंक ७२७. पूर्ण आकडा शेजारी लिहिला तेव्हा बाकी म्हणजे म(१२७) − २ असल्याचं दिसलं. मग उलगडा सोपा होता: लूप एक फेरी जास्त फिरत होता. शून्य बरोबर जागी आलं होतं, पण पुढच्या फेरीत ० चा वर्ग वजा २ म्हणजे −२ झाला, आणि −२ ची धन बाकी म्हणजे म(१२७) − २.

तेव्हा मॅडमनी नियम घालून दिला: ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत त्या घातांकांवर प्रोग्रॅम चालवल्याशिवाय नवा घातांक द्यायचा नाही. ३, ५, ७, १३, १७, १९ आणि ३१ ला होकार यायला हवा. ११, २३ आणि २९ ला नकार. म(२३) = ४७ × १,७८,४८१ आणि म(२९) = २३३ × १,१०३ × २,०८९, त्यामुळे नकारही हाताने ताडता येतो. यादीत नकाराचे घातांक असणं फार महत्त्वाचं आहे. आधीच्या प्रोग्रॅमला फक्त होकाराचे घातांक दिले असते तर तो झकास उत्तीर्ण झाला असता.

घातांक ७ आणि ११ हातानेही केले. म(७) = १२७ साठी क्रम असा येतो: ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच पायऱ्यांत शून्य. म(११) = २०४७ साठी: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. नऊ पायऱ्या झाल्या, शून्य नाही.

पहिल्या क्रमातल्या १११ कडे जरा थांबून बघा. १११ = १२७ − १६, म्हणजेच −२^४. शेवटून दुसरी बाकी अशीच यावी लागते, कारण तिच्या वर्गातून २ वजा केल्यावर ० उरायचं आहे आणि २ चं ‘वर्गमूळ’ इथे २^((प+१)/२), धन किंवा ऋण, हेच असतं. म(१२७) साठी ती २^६४ किंवा म(१२७) − २^६४ यांपैकी एक यायला हवी. पायऱ्या मोजण्यातली चूक पकडायला ही खूण उत्तम आहे. गटाने ती ताडली आणि मगच आकडा पेंटरकडे गेला.

आकडा पत्र्यावर जाताना

कागदावर तीन-तीन अंकांचे १३ गट करून दिले:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

पेंटरनी आधी खडूने आखून फोटो पाठवला. तो वाचून घेताना अंकांची बेरीज केली: १५४, बरोबर. ९ ने भागून बाकी १, तीही बरोबर. तरीही फोटोत चूक होती. सातव्या गटात ७३१ च्या जागी ७१३ झालं होतं, आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल बेरजेत दिसत नाही.

ती सापडली ११ च्या कसोटीने. उजवीकडून एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या आणि वजाबाकी घ्यायची. बरोबर आकड्यात ८० आणि ७४ येतात, फरक ६. हे स्वतंत्रपणेही ताडता येतं: २^१० ला ११ ने भागून बाकी १, म्हणून २^१२७ ची बाकी २^७ इतकीच, म्हणजे ७, त्यातून १ वजा केला की ६. फोटोतल्या आकड्यात बेरजा ८२ आणि ७२ येत होत्या, फरक १०. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले तर हा फरक नेहमीच बदलतो, म्हणून ही कसोटी अशा चुकीला हमखास पकडते. गाळलेलं शून्य मात्र अंकांच्या संख्येवरून पकडावं: ३९ भरले पाहिजेत.

खडूचा आकडा पुसून नवा लिहिला आणि मग रंग चढला.

फलकावर काय गेलं

गुणधर्म निवडताना पटणारे आणि ताडता येणारे घेतले.

घातांक ४ ने भागल्यावर बाकी ३ उरत असेल तर २ चा घात ८ मध्ये संपतो, म्हणून म(१२७) चा शेवटचा अंक ७. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे १ हा अंक ओळीने १२७ वेळा. ४ ने भागून बाकी ३ उरते, म्हणून ती दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येत नाही. तिला २^१२६ ने गुणलं की ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते. याच नियमाने २^६ × १२७ = ८,१२८ मिळते, आणि तिचे विभाजक मुलांनी खाली मांडून बघावेत अशी जागा ठेवली.

शेवटी एक साखळी: २, ३, ७, १२७, म(१२७). प्रत्येक संख्या पुढच्या मर्सेन संख्येचा घातांक आहे आणि पाचही मूळ आहेत. सहावी संख्या मूळ आहे की नाही हे आजवर कोणालाही ठरवता आलेलं नाही. मसुद्यात आधी ‘पुढचीही मूळ असावी’ असं वाक्य होतं. ते काढलं ते बरं झालं.

म(६७) चं काय करायचं यावर विभागात मतभेद झाला. विभागप्रमुखांचं म्हणणं, भिंतीवर बरोबर तेवढंच असावं. मॅडमचं म्हणणं, हीच संख्या जास्त शिकवते. अखेर शेजारी एक छोटा फलक झाला: म(६७), तिचे दोन अवयव आणि खाली गुणाकाराला काळी पाटी. या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय, असं आम्ही निःशंक म्हणू. म(१२७) मूळ आहे यावर मुलाला विश्वास ठेवावा लागतो. म(६७) संयुक्त आहे हे तो स्वतः सिद्ध करू शकतो.

निष्पत्ती

२२ डिसेंबरला गर्दी छोट्या फलकापाशी जास्त होती. १९३७०७७२१ ने गुणायचं तर एक शून्य सोडून आठ ओळी होतात, पण ७ तीनदा येतो, म्हणून ७ ची ओळ एकदाच करून सरकवत तीनदा लिहायची. ही युक्ती मुलांनीच शोधली. चुकत होतं ते बहुतेक शून्याच्या जागी: तिथली सरकवण राहून जायची आणि पुढच्या चार ओळी एका घराने घसरायच्या.

मोठ्या फलकासमोर मात्र गटाला सतत बोलावं लागलं. म(७) चा क्रम रंगवलेला होता, पण १९४ चे ६७ कसे झाले हेच बऱ्याच मुलांना कळत नव्हतं. १९४ − १२७ = ६७ एवढी एक ओळ तिथे हवी होती.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, म(६७) बद्दल जे माहीत होतं ते शोधायला हवं होतं. यादी १६४४ ची आहे हे ठाऊक असताना ती पुढे कोणी तपासली का, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

दुसरं, गणनेच्या आधी भागाकार. म(६७) चा लहान अवयव १३४क + १ या रूपात क = १४,४५,५८० ला सापडतो. ८ च्या बाकीची अट लावली की तो ७,२२,७९० वा उमेदवार. एक-दोन सेकंदांचं काम. ते आधी केलं असतं तर चुकीचा मसुदा तयारच झाला नसता. फक्त भाग जातो का हे पूर्णांकातच बघावं. साधा भागाकार करून दशांश तपासला तर एक्सेलचाच दोष पायथॉनमध्येही शिरतो. वर्गमूळही पूर्णांकी फंक्शनने काढावं.

तिसरं, फर्मा चाचणी ठेवायचीच असेल तर पाया ३ घ्यावा. मोठ्या मर्सेन संख्यांच्या शोधातही मूळपणाची पहिली चाचणी पाया ३ नेच करतात आणि होकार आला की ल्यूकास-लेमरने शिक्कामोर्तब करतात.

एका शाळेच्या शिक्षकांनी विचारलेला प्रश्न अजून फलकावर यायचा आहे: सुरुवात ४ नेच का? १० नेही चालते. म(७) साठी १०, ९८, ७७, ८५, १११, ० असा क्रम येतो. वाट वेगळी, पण शेवटून दुसरा मुक्काम पुन्हा १११. रंगवलेल्या फलकावर जागा नाही, म्हणून काळ्या पाटीच्या वरच्या कडेला हा क्रम खडूने लिहून ठेवतात आणि मधले दोन आकडे मुलांसाठी कोरे सोडतात.